मूळ रचनेत बदल

मुंबईत भाड्याने जागा शोधणाऱ्या एकट्या पुरुषाला काय काय विचारतात, याची माझी पूर्ण तयारी होती. मच्छी खाता का, मित्र येतात का, मैत्रिणी येतात का, आडनाव काय म्हणालात. मुलुंड पूर्वेच्या त्या घरमालकांनी यातलं एकही अक्षर विचारलं नाही. ते मला खाली घेऊन गेले, माझ्या मोटारसायकलच्या मागे उकिडवे बसले आणि नंबर प्लेटकडे बोट दाखवून म्हणाले,

"हा नंबर आहे की नातं?"

गाडी मी सेकंडहँड घेतली होती. नंबर ४१४१. आधीच्या मालकाने तो अशा वळणाने रंगवून घेतला होता, की लांबून 'दादा' वाचता यावं. मला स्वतःला त्यात काही गैर वाटलं नव्हतं. सिग्नलला लोक जरा अदबीने वागायचे, एवढंच.

"नियमाप्रमाणे प्लेट लाव. सायलेन्सर कंपनीचा बसव. पीयूसी काढ. मग ये, जागा बघू."

"आणि डिपॉझिट?"

"आधी माणूस रस्त्यावर चालण्यालायक आहे की नाही ते ठरू दे."

मी आठवड्याभरात गाडी पास करून घेतली आणि जागा मिळवली. त्यानंतरची चार वर्षं मी त्या घरात राहिलो आणि प्रत्येक दिवशी थोडाथोडा नापास होत गेलो.

सगळी बिल्डिंग त्यांना साहेब म्हणायची. ते मोटार वाहन निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. म्हणजे सरकारने त्यांना निवृत्त केलं होतं. त्यांनी स्वतः ते मनावर घेतलं नव्हतं. सकाळी फिरायला जाताना खिशात बॅटरी आणि टायरची खोली मोजायची पट्टी असायची. बाकीचे म्हातारे मैदानावर हात वर करून मोठ्याने हसायचा व्यायाम करायचे, तेव्हा हे बाहेर लावलेल्या गाड्यांचे टायर मोजत असायचे. कुणाची काच जास्त काळी दिसली, की वायपरखाली चिठ्ठी. चिठ्ठीवर सही, सहीखाली 'निवृत्त'. एका डॉक्टरने ती चिठ्ठी फाडून फेकली, तर दुसऱ्या दिवशी स्मरणपत्र.

लोकांच्या तोंडी रामाचं नाव असतं, यांच्या तोंडी कलम बावन्न. मोटार वाहन कायद्यातलं हे कलम थोडक्यात असं सांगतं, की कंपनीने गाडी जशी बनवली तशी ठेवा; परवानगीशिवाय तिच्या मूळ रचनेत बदल करू नका. कायदा बिचारा गाड्यांपुरताच बोलतो. साहेबांनी तो सगळ्या सृष्टीला लावला होता. समोरच्यांनी बाल्कनी बंद करून खोली केली, तो मूळ रचनेत बदल. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी साठाव्या वर्षी केस काळे केले, तोही. साहेबांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, एकदा सुरमईच्या कालवणात टोमॅटो घातला. साहेब मालवणकडचे. ताटातला तो लाल तुकडा त्यांनी चमच्याने कडेला घेतला आणि माझ्याकडे पुरावा दाखवावा तसा दाखवला.

"आयेच्या कालवणात ह्या नव्हता."

काकू वेसाव्याच्या कोळीवाड्यातल्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या आईच्या कालवणात चव पण नव्हती. तो बदल चालला ना?"

या घरात कायद्याला फक्त एवढंच एक अपील होतं.

नोकरीत साहेबांनी काय केलं असेल, याचा अंदाज त्यांच्या बदल्यांवरून यायचा. कुणा नगरसेवकाच्या पुतण्याने जीप कापून, उंच करून, वर आठ दिवे लावून आणली, साहेबांनी नापास केली, साहेबांची बदली. बदलीच्या गावी तोच धंदा. सरकारने एका प्रामाणिक माणसाला अख्खा महाराष्ट्र दाखवला, तोही सरकारी खर्चाने. कोण म्हणतं सरकार कृतघ्न असतं?

दहिसरला एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नात आम्ही तिघं गेलो होतो. नवरानवरीची गाडी सजवून उभी होती आणि झेंडूच्या माळांनी पुढची नंबर प्लेट पार झाकली होती. साहेबांनी अक्षता खिशात टाकल्या आणि माळा सोडायला घेतल्या. मुलीचा बाप धावत आला. "साहेब, आज तरी राहू दे हो!" साहेब म्हणाले, "आज अपघात झाला तर पोलिसांना काय सांगशील, झेंडूने ठोकलं?" शेवटी निघताना नवऱ्यामुलाच्या मांडीवर माळांचा ढीग होता, आणि नंबर लखलखीत दिसत होता. काकू गाडीमागे उभ्या राहून हसत होत्या. हसताना त्या पदर तोंडाला लावायच्या, पण डोळे सगळं सांगायचे.

अशा माणसाच्या गॅरेजमध्ये एक मोटार होती.

ताडपत्रीखाली झाकलेली, फिकट हिरवी, डोळ्यांसारखे वाटोळे दिवे असलेली विलायती बनावटीची मोटार. ती काकूंच्या वडिलांची. ते वेसाव्याचे मासळीचे मोठे व्यापारी. देश सोडून जाणाऱ्या कुणा गोऱ्याकडून त्यांनी ती घेतली आणि गोऱ्याने स्वप्नातही पाहिलं नसेल अशा कामाला लावली. पुढे सहकुटुंब सहपरिवार, मागे पापलेटाच्या पाट्या. काकूंचा थोरला भाऊ ती चालवायचा. काकूंनी आरटीओतल्या माणसाशी लग्न ठरवलं, तेव्हा वडील महिनाभर बोलले नाहीत. मग जावयाला हीच मोटार दिली. मला वाटतं, सासऱ्याने सूड उगवला. कारण गाडी दारात आली तेव्हा तिचा आवाज मोटारीचा नव्हता. मूळचं पेट्रोल इंजिन खाऱ्या हवेने जाम झालं होतं, म्हणून सासऱ्याने त्या जागी आपल्या जुन्या होडीचं, त्यांच्या बोलीत होरीचं, डिझेल इंजिन बसवून घेतलं होतं.

साहेबांनी बॉनेट उघडलं, पाहिलं, बंद केलं आणि वर ताडपत्री टाकली. बायकोला सांगितलं, पार्ट मिळत नाहीत. पस्तीसएक वर्षं पार्ट मिळत नव्हते.

दर रविवारी मात्र ते गॅरेजचं दार लावून घ्यायचे. आतून घासण्याचा, पुसण्याचा आवाज यायचा. पत्रा त्यांनी स्वतः सरळ केला, सीट शिवून घेतल्या, इंजिनसुद्धा चालतं ठेवलं. रस्त्यावर आणली नाही. "रस्त्यावर आली तर गुन्हा. गॅरेजात ती फक्त लोखंड," असं मला एकदा म्हणाले होते. का, ते मी तेव्हा विचारलं नाही.

मग सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी नवे नियम काढले. अशा गाड्यांची वेगळी नोंदणी, वेगळ्या मालिकेचा नंबर, आणि प्रदर्शनाला वगैरे न्यायला परवानगी. काकूंनी ती बातमी पेपरातून कापून साहेबांच्या पोह्यांच्या बशीखाली ठेवली.

"दादा अंथरुणाला खिळलाय," त्या म्हणाल्या. "फोन केला की एकच विचारतो, बापसाची गाडी कशी हाय. मना एकदा त्या गाडीन बसून वेसाव्याला जायाचा हाय. परत काय मागायची नाय तुमच्याकडे."

काकू माहेरच्या बोलीत शिरल्या की साहेब वाद घालत नसत. त्या वेळीही घातला नाही. पोहे खाल्ले, बातमी वाचली आणि मला हाक मारली. अर्ज ऑनलाइन होता, आणि बिल्डिंगमधला फुकटचा संगणकतज्ज्ञ मी होतो. विक्रोळीच्या एका ऑफिसात मी लोकांचे पासवर्ड बदलून द्यायचो. साहेबांच्या मते ही अभियांत्रिकी होती.

नियम वाचताना मला पहिल्यांदा खरी अडचण कळली. गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल झालेला नको.

"साहेब, मग ही बसतच नाही यात."

"म्हणून लिहायचं नाही?"

त्यांनी तीन पानी निवेदन लिहिलं: 'वाहनातील बदलांची यादी'. पहिल्याच ओळीत होडीचं इंजिन. पुढे बदललेला स्क्रूसुद्धा सोडला नाही. पोर्टल मोठी फाइल घेईना. मी ती लहान केली, आणखी लहान केली. शेवटी त्या पानांवर मुंग्या चालल्यासारखं दिसायला लागलं. ते मी मुद्दाम केलं का? थोडंसं. जुन्या आरसी बुकात इंजिन नंबर कसरीने खाल्ला होता, म्हणजे निसर्गही आमच्या बाजूने होता.

आरटीओबाहेर टेबल टाकून बसणारा एक एजंट तर म्हणाला, "काका, कशाला टेन्शन घेता? तुमच्या वर्षाचं भंगारातलं इंजिन बसवू, नंबर ठोकून देऊ. फोटोपुरतं. पास झालं की तुमचं तुम्ही परत घाला." साहेबांनी त्याचं ओळखपत्र मागितलं. तो अजूनही मला रस्त्यात दिसला की रस्ता बदलतो.

तपासणीचं बोलावणं आलं. एका मोकळ्या मैदानावर समिती बसणार होती. आमची मोटार टोचनच्या ट्रकवर लादून नेली, कारण नोंदणी होईपर्यंत ती रस्त्याने चालवणं गुन्हा. काकू हिरवं लुगडं नेसल्या होत्या, केसांत अबोलीची वेणी, हातात नारळ. मैदानावर मोटार उतरवल्याबरोबर त्या पुढच्या सीटवर जाऊन बसल्या आणि उठल्याच नाहीत.

तिथला थाट काय वर्णावा! गुडघ्यापर्यंतचे मोजे आणि चौकड्यांच्या टोप्या घातलेले उद्योगपती, जणू लंडनहून आत्ताच घाटकोपरला उतरलेत. एकाची लालभडक गाडी 'शंभर टक्के मूळ' होती. फक्त दार उघडलं की आतून एसीची थंडगार झुळूक यायची. समितीतले एक सदस्य त्या झुळकीत बराच वेळ तपासणी करत होते. आमच्या मोटारीजवळ येऊन दुसऱ्या सदस्याने नाक उडवलं.

"हा वास कसला?"

"पापलेटचा," साहेब म्हणाले. "हा मात्र मूळचाच असावा."

समितीचे प्रमुख अधिकारी आले आणि साहेबांना पाहून वाकलेच. कोणे एके काळी ते साहेबांच्या हाताखाली शिकाऊ होते.

"सर! तुमची गाडी? मग बघायचं काय त्यात? आणा रे तो फॉर्म."

त्यांनी पेन काढलं. काकूंनी नारळ दुसऱ्या हातात घेतला. मी देवाचं नाव घेतलं. फाइलच्या मुंग्यांना मनातल्या मनात साखर घातली. साहेब हात मागे बांधून उभे होते. 

"बॉनेट उघड," ते म्हणाले.

"राहू दे ना सर."

"मी तुला हेच शिकवलं?"

अधिकारी ओशाळले, पण हलले नाहीत. तेव्हा साहेबांनी खिशातून बॅटरी काढली, स्वतः बॉनेट उघडलं आणि स्वतःच्या गाडीची तपासणी सुरू केली. टोपीवाले गोळा झाले. साहेब सांगत गेले, अधिकारी लिहीत गेले. "इंजिन मूळ नाही. होडीचं डिझेल इंजिन. माउंटिंग वेल्डिंग करून बदललेलं. वाहन या नियमाखाली अपात्र." मध्ये एकदा थांबून त्यांनी 'अपात्र'मधला 'त्र' नीट काढायला लावला. 'शंभर टक्के मूळ' गाडीचा मालक गर्दीतून हळूच मागे सरकला.

काकू पुढच्या सीटवर बसूनच सगळं ऐकत होत्या. शेवटी त्यांनी एकच विचारलं, "म्हणजे पार्ट मिळत नव्हते, ते खोटं?"

अख्ख्या नोकरीत एकदाही खोटं न बोललेल्या माणसाने मान खाली घातली.

त्यानंतर अकरा दिवस काकू साहेबांशी बोलल्या नाहीत. बोलणं माझ्यामार्फत व्हायचं. "यांना सांग, भात वाढलाय." "तिला सांग, मी औषध घेतलं." मी भाडेकरू होतो, तो वकील झालो. एका संध्याकाळी साहेब माझ्या खोलीत येऊन बसले. टायर मोजायची पट्टी बोटांत फिरवत राहिले.

"मला वाटलं होतं, तो माझा शिकाऊ बघेल आणि नापास करेल," ते म्हणाले. "नाहीतर तो बघणार नाही आणि मी गप्प राहीन. गप्प राहायची मी आठवडाभर तालीम केली होती रे. आरशासमोर."

"मग?"

"जमला नाय."

मला त्यांची टिंगल करायची सवय होती. त्या दिवशी मी त्यांच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला.

बाराव्या दिवशी साहेब कायद्याचं जाड पुस्तक घेऊन आले. तीन दिवस त्यांनी 'सार्वजनिक ठिकाण' या शब्दांची व्याख्या वाचली होती. निष्कर्ष असा: टोचनवर लादलेली मोटार हा माल असतो, आणि माल कुठेही नेता येतो. कुंपण घातलेली खासगी जागा हा रस्ता नसतो. काकूंच्या माहेरची बोंबील सुकवायची जागा चारी बाजूंनी कुंपणाची होती. "तिथे चालवता येईल," साहेब म्हणाले. "तिला सांग."

"तुम्हीच सांगा," मी म्हणालो. त्यांनी सांगितलं. काकू म्हणाल्या, "नारळी पुनवेला जाऊ."

नारळी पौर्णिमेला पावसाने उघडीप दिली होती. बोंबलांच्या वलांडी, म्हणजे वाळत घालायच्या बांबूंच्या रांगा, रिकाम्या उभ्या होत्या. मोटार उतरवली. काकू पुढे बसल्या. साहेबांनी इंजिन सुरू केलं आणि सगळ्या आवारात ढग-ढग-ढग असा होडीचा आवाज घुमला. बायका दारात आल्या. साहेबांनी वलांडींच्या मधून एक फेरी मारली, दुसरी मारली. चेहरा असा, जणू ड्रायव्हिंगची परीक्षा देताहेत आणि परीक्षकही तेच आहेत.

तेवढ्यात समोरच्या घरातून काकूंची भावजय धावत आली.

"अगो, ते उठून बसायला बघतात! आवाज ऐकला त्यांनी. म्हणतात, बापसाची होरी आली गो, बापसाची होरी आली. पण विचारतात, लांब का उभी? दारात का येत नाय?"

भावाची खाट खिडकीशी होती. खिडकी आणि कुंपणाचं फाटक यांच्यामध्ये गल्ली. चाळीस पावलं. सरकारी, सार्वजनिक, कायद्याच्या व्याख्येत चपखल बसणारी चाळीस पावलं.

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. फक्त पदर नीट केला आणि समोर बघत राहिल्या.

साहेबांनी मोटार फाटकापर्यंत आणली आणि थांबवली. मी पुढे झालो. "साहेब, आम्ही ढकलतो. इंजिन बंद ठेवा."

"ढकलली तरी वाहनच," ते म्हणाले. मग स्वतःशीच बोलल्यासारखे, "नोंदणी नाही. विमा नाही. पीयूसी नाही. तीन गुन्हे." चष्मा वर सरकवला. "फाटक उघड."

गल्लीत कुत्रंही नव्हतं, तरी त्यांनी हात बाहेर काढून वळायची खूण केली, हॉर्न दिला आणि माणसाच्या चालीने ती चाळीस पावलं पार केली. खिडकीत एक हाडकुळा हात आला. काकूंनी आतूनच तो धरला. मग म्हातारा मोटारीच्या पत्र्यावर हात फिरवत राहिला आणि बहिणीला म्हणाला, "क्लच अजून तसाच कडक हाय काय गो?" साहेब म्हणाले, "तसाच." दोघं मेव्हणे मग क्लचबद्दल बोलत राहिले. इंजिन ढगढगत राहिलं. काकू रडत होत्या आणि दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि मला घेऊन वेसाव्याजवळची वाहतूक पोलिसांची चौकी गाठली. ड्यूटीवरच्या हवालदाराला ते म्हणाले, "काल मी विनानोंदणी वाहन चालवलं. चलन कर."

हवालदाराने मशीन काढलं. नंबर विचारला. साहेबांनी आरसी बुकातला जुना नंबर सांगितला. मशीनवरचं चक्र बराच वेळ गोल गोल फिरलं.

"काका, अशी गाडीच नाही सिस्टीममध्ये."

"मी स्वतः चालवली."

"कोणी पाहिलं?"

"मी."

"म्हणजे आरोपी तुम्ही, साक्षीदार पण तुम्ही?" हवालदाराने माझ्याकडे पाहिलं, सहानुभूतीने. "काका, नसलेल्या गाडीचं चलन कसं फाडू? चहा घेणार का?"

साहेबांनी चहा घेतला नाही. घरी येऊन गुन्ह्याचा कबुलीजबाब लिहिला, वेळ, ठिकाण आणि पावलांसकट, आणि वाहतूक पोलिसांना रजिस्टर पोस्टाने पाठवला. महिन्याने स्मरणपत्र. आयुष्यभर दुसऱ्यांचे गुन्हे शोधले. स्वतः एक केला, तर तो घ्यायलाच कुणी तयार नाही. पण मी पाहत होतो, की मैदानावरच्या म्हाताऱ्यांना "माझ्यावर एक प्रकरण प्रलंबित आहे" असं सांगताना त्यांची मान थोडी ताठ व्हायची.

काकूंचा भाऊ दिवाळीनंतर गेला. मी लग्न करून नाहूरला राहायला गेलो. परवा सपत्नीक भेटायला गेलो, तर साहेबांनी माझ्या बायकोच्या हेल्मेटवरची आयएसआयची खूण तपासून मगच आत घेतलं. काकूंनी कोळंबी केली होती. जेवताना मी विचारलं, त्या पत्राचं काय झालं?

"उत्तर नाही," साहेब म्हणाले. "येईल."

"येऊ दे," काकू म्हणाल्या. "शिक्षा झाली तर मी पण येईन. पुढच्या सीटवर मीच बसले होते ना."

"प्रवाशाला शिक्षा नाही," साहेब गंभीरपणे म्हणाले. "कायद्यात तशी तरतूदच नाही."

काकूंनी त्यांच्या पानात कोळंबी वाढली. "मग परत न्याल काय मला?"

साहेबांनी चष्मा काढला, काचा पुसल्या, पुन्हा पुसल्या. मी त्यांच्या 'नाही'ची वाट पाहत घास हातात धरून थांबलो होतो. शेवटी काकूच म्हणाल्या, "अरे जेव, गार होतंय," तेव्हाही त्यांचं 'नाही' आलं नव्हतं.